पाडायचा न्हाय

आजी खुर्चीत बसायच्या, पदर सावरायच्या आणि उजव्या हाताचा पंजा तोंडावर घट्ट दाबून माझ्याकडे बघायच्या. मी हातमोजे घालून, दिवा लावून तयार. हात काही निघायचा नाही. बोटांच्या फटीतून आवाज यायचा, "पाडायचा न्हाय. आधी तसं बोल, मंग उघडते."

"नाही पाडत, आजी."

"शब्द?"

"अहो शब्द! हातात नुसता आरसा आहे माझ्या."

मग हात खाली यायचा. दर वेळी हेच. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस सबंध वॉर्डाला देत नसेल इतकी आश्वासनं मी त्या एका बाईला दिली, आणि सगळी पाळली. पुढचं ऐकताना तेवढं लक्षात ठेवा.

तुम्ही कधी वारज्याच्या बाजूने बायपासवरून गेला असाल, तर आजींना तुम्हीही पाहिलंय. बरेच दिवस त्या तिथे होर्डिंगवर होत्या. हिरवं नऊवारी, कपाळभर कुंकू आणि तोंडभर हसू. त्या हसण्याबद्दलच मला बोलायचंय. गोड बोलणं मला जमत नाही. मी पुण्याच्या नारायण पेठेत वाढले, तिथे कुणी शिकवलं नाही.

मी हिरड्यांची डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे दातांचंच ना?" मी आता वाद घालत नाही. दवाखाना वारज्यात काढला, तेव्हा वारजं धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. रस्त्याच्या एका बाजूला कोथिंबिरीचे वाफे, आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून हिंजवडीच्या बसची वाट बघणारी पोरं. आजी वाफ्यांच्या बाजूच्या. त्यांच्या घरची बरीचशी जमीन इमारतींखाली गेली होती. घरामागचा एक तुकडा तेवढा त्यांनी राखला होता, त्यात त्या मेथी लावायच्या. "माजं डोळं मिटल्यावर काय त्ये कर," असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. चालताना वाजायचा, म्हणून त्या जिना चढायला लागल्या की मला आधीच कळायचं.

पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा दात काळे आणि हिरड्या फिक्या, कोरड्या. रक्ताचा टिपूस नाही. सूजही फारशी नाही. पण खालचे पुढचे दात बोट लावलं की पेटीच्या पट्ट्यांसारखे खाली-वर होत होते. एक्स-रे काढला तर निम्मं हाड गेलेलं.

"आजी, मिश्री लावता?"

"लावते की. सकाळी, दुपारी, निजताना. तिच्यामुळंच तर इतकं दिस टिकलं."

मिश्री म्हणजे काळी होईस्तोवर तव्यावर भाजलेली तंबाखू, कुटून वस्त्रगाळ केलेली. सकाळी बायका ओट्यावर बसतात, बोटावर चिमूट घेतात आणि हिरड्यांना चोळत चार गोष्टी बोलतात. दिवसभराच्या कामात तेवढाच वेळ त्यांचा हक्काचा. तो सोडून द्या असं सांगताना माझ्या जिवावर यायचं, आणि तरी सांगावं लागायचं.

कारण असं आहे. हिरडीचं दुखणं सुरुवातीला साधं असतं. दातांवर कीटण साठतं, हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. रक्त म्हणजे हिरडीने मारलेली बोंब. त्याच वेळी कीटण काढून घेतलं आणि घासायचं वळण लावलं तर हिरडी पहिल्यासारखी होते. नाही ऐकलं, तर कीटण हिरडीच्या खाली उतरतं, पू धरतो आणि दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं. अंगात साखरेचा आजार असेल तर आणखी लवकर. आणि तंबाखू काय करते, तर हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळते. रक्त बंद, बोंब बंद. आत हाड चाललंय आणि बाहेर सगळं शांत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्यांनी विचार केला. "म्हंजे बुंध्याची माती वाहून चाललीया."

"अगदी तसंच."

"मंग माती लाव की."

"गेलेली नाही लावता येत, आजी. राहिली आहे तेवढी राखायची."

"आन् न्हाय राखली तर?"

"तर पाडावे लागतील."

झालं! पंजा पुन्हा तोंडावर. बराच वेळ काढेनात. मी चिडून विचारलं, एवढं काय आहे त्या दातांत? तेव्हा पंजाआडूनच म्हणाल्या, "माज्या सासूचं दात गेलं, तशी तिच्या ताटात भाकरीच्या जागी गुरगुट्या भात आला. आन् तिच्या कमरंच्या किल्ल्या माज्या कमरंला आल्या. तिनं दिल्या न्हाईत. म्याच काडून घेतल्या. म्हातारी चार दिस रडली. म्हनून म्हाईत हाय मला, बोळकं झालेल्या बाईला घरात कुनी इचारत न्हाय."

दातांचं हे काम काही कॉलेजात शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. कनवटीचा मिश्रीचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. छोटा, पितळी, झाकण घासून घासून गुळगुळीत झालेलं. म्हणाल्या, "हा ठिव तुज्याकडं. म्या लावायची न्हाय, तू पाडायचा न्हाय. जवर तू शब्द पाळशील तवर मागायची न्हाय." आणि ताडताड निघून गेल्या. मी डबा खणात ठेवून दिला.

महिना गेला असेल नसेल, आजींचे चिरंजीव आले. हा माणूस माझ्या दवाखान्यात कधी बसला नाही. उभा राहून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत बोलायचा. "मॅडम, तुमच्याकडं आल्यापासून आईच्या तोंडातून रक्त येतंय. आधी कधी नव्हतं. काय ट्रीटमेंट चाललीय ही?" आळीतल्या बायकांनी तर निकालच देऊन टाकला होता. मिश्री सोडली म्हणून हिरड्या फुटल्या, लाव परत. दोघी-तिघींनी स्वतःचे डबे पुढे केले होते म्हणे.

मागोमाग आजी आल्या आणि माझ्यासमोर बेसिनमध्ये लालभडक थुंकल्या. "बघ तुजी करनी!"

मी समजावलं. मिश्री सुटली, रक्त परत वाहायला लागलं, दुखणं आत होतंच, ते आता दिसायला लागलं. चिरंजीव किल्ली फिरवत होते. आजींनी ऐकून घेतलं, पदराने ओठ पुसले. "म्हंजे आत्ता कुटं त्या बोंबलाया लागल्या."

"हो."

"मंग बोंबलू दे. इतकी सालं गप बसल्या बिचाऱ्या."

खणाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग वर्षभर आम्ही दोघी त्या हिरड्यांच्या मागे लागलो. साखर तपासली, ती वाढलेली निघाली, तिचं औषध सुरू केलं. कीटण काढलं. जिथे ते खोल गेलं होतं तिथे हिरडी उघडून, आत साफ करून टाके घातले. हलणारे दात एकमेकांना बारीक तारेने बांधले. मऊ ब्रश दिला, तर म्हणाल्या, "ह्यानं दात घासायचं का पोराच्या गालाला पावडर लावायची?" पण घासला. टाके काढायला आल्या तेव्हाही आधी पंजा, मग शब्द, मग तोंड.

दात धरले! हाड आलं नाही, पण होतं ते थांबलं. हिरड्या घट्ट झाल्या. आजी कनवटीला फुटाणे बांधून यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून मुद्दाम कुडूमकुडूम आवाज करत खायच्या. शेजारी कुणी गालाला हात लावून बसलेलं असलं की त्याला सांगायच्या, "आदी शब्द घ्या तिच्याकडनं. पाडायचा न्हाय म्हनावं." माझं नाव वारज्यात झालं ते असं, आणि जाताना टेबलावर मेथीची जुडी असायचीच.

आणि मग फोटो निघाला.

त्यांच्या जुन्या जमिनीवर मोठी स्कीम उभी राहत होती. बिल्डरच्या जाहिरातवाल्यांनी आजींना ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि त्यांना सुचलं की होर्डिंगवर सिनेमातली नटी नको, ही मूळची मालकीण हवी. हसताना. चिरंजीव धावत माझ्याकडे आले. "मॅडम, आईचे दात जरा लांब लांब दिसतात. फटी आहेत, तार आहे. होर्डिंगवर एकेक दात हाताएवढा होणार. ते काढून टाका आणि मस्त पांढरी कवळी बसवा. शूटिंग जवळ आलंय."

मी म्हटलं, "अहो, हिरडी खाली गेली की दात लांब दिसतातच. पण ते पक्के आहेत. वर्षभर खपून वाचवलेत आम्ही."

"ते बरोबर आहे, मॅडम. पण दिसायला..."

"मग तोंड मिटून हसू द्या."

"मिटून हसलं तर आशीर्वाद वाटत नाही म्हणतात अ‍ॅडवाले."

आता हसा तुम्ही. मीही हसले होते तेव्हा. म्हटलं, "फोटोसाठी चांगले दात उपटायला मी डॉक्टर झाले नाही. आणि तुमच्या आईला मी शब्द दिलाय." त्यांनी किल्ली फिरवायची थांबवली, "ठीक आहे," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, मिटलं.

आजी यायच्या बंद झाल्या. निरोप पाठवला, तर गावाला गेल्यात असं कळलं. मग एका सकाळी मी स्कूटरवरून बायपासने येत होते, मान वर केली आणि ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्याने मला दिलेल्या शिव्या अजून आठवतात. वर आजी होत्या. पांढरेशुभ्र, एकसारखे, ओळीत बसवलेले दात. त्यातला एकही माझ्या ओळखीचा नव्हता. खाली लिहिलं होतं, 'मातीचा आशीर्वाद, तुमच्या घराला!'

मी फोन केला. चिरंजीव खुशीत होते. "मॅडम, बघितलं का? आई किती तरुण दिसते!" मी काही न बोलता फोन ठेवला. आमच्या पेठेत याहून मोठी शिवी नाही. पण असल्या माणसाला ती कळायला नको?

आजी वारल्या त्याच्या आदल्या थंडीत एकदा माझ्याकडे आल्या. जिन्यावर आवाज आला नाही, म्हणून दारात उभ्या दिसल्या तेव्हा मी दचकलेच. गाल आत गेले होते. हातात मेथी नव्हती. मी कमरेकडे बघितलेलं त्यांना दिसलं.

"सुनंकडं हायत किल्ल्या. मला काय, गुरगुट्या भात लागतो. कोठी उगडून काय करू?"

"आणि मागचं रान?"

"मशिनीनं खड्डा खणलाय. मोटारी ठिवाया."

पदराची गाठ सोडून त्यांनी कवळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. सैल झाली होती, बोलताना वाजायची. दात काढले की खालचं हाड विरत जातं, कवळी ढिली पडते. हे होणारच होतं. काढणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्यांना फोटोपुरतीच हवी होती.

मग आजी खुर्चीत बसल्या. मी हातमोजे घातले, दिवा लावला आणि सवयीने थांबले. त्यांनी पंजा वर केला नाही. शब्द मागितला नाही. नुसतं तोंड उघडलं.

मी आत बघितलं. गुलाबी, घट्ट, नितळ हिरड्या. सूज नाही, पू नाही, रक्त नाही. पुस्तकात छापाव्यात अशा. हा रोग दाताच्या आधाराने राहतो. दातच नाहीत म्हटल्यावर तो तरी कुठे राहणार?

"कशा हायत?"

"चांगल्या आहेत, आजी. एकदम निरोगी."

"व्हय?" त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या. "मोटं काचंचं, दातांचं दुकान होतं बग त्ये. सफाईला नेतो म्हनला पोरगा. सुई टोचली, मला वाटलं तुज्यासारकंच करतील. उटले तर वरचं समदं गेल्यालं. वरचं गेल्यावर खालचं ठिवून कुनाला चावू? म्हनलं, घ्या त्येबी."

मला राहवलं नाही. "माझ्याकडून दर वेळी शब्द घेत होतात, आजी. त्या दिवशी मुलाकडून का नाही घेतलात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच खुळी आहे. "तू परकी. पोटच्या पोराकडनं काय शब्द घ्यायचा?"

कवळीत मऊ अस्तर घालून मी ती घट्ट करून दिली. त्यांनी ती तोंडात घातली नाही, परत पदरात बांधली. खुर्चीतून उतरल्या आणि माझ्यापुढे तळहात पसरला.

"माजा डबा दे."

तंबाखूने तोंडाचं काय होतं यावरचं व्याख्यान मला पाठ आहे. शाळांमधून देते मी ते. त्या दिवशी त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा बाहेर पडेना. मी खण उघडला. डबा होता तिथेच होता. काढून त्यांच्या हातावर ठेवला.

दारापाशी जाऊन त्यांनी झाकण काढलं. जुनी मिश्री थोडी घट्ट बसली होती, ती नखाने सुटी केली, चिमूट बोटावर घेतली आणि त्या रिकाम्या, निरोगी हिरड्यांवरून सावकाश फिरवत उभ्या राहिल्या.