तीनचा भोंगा

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत हरताळ होता आणि मी वरळी कोळीवाड्याच्या वाळूवर, एका मच्छीमार बोटीच्या पोटात बसलो होतो. परवा नातवाने विचारलं, "आजोबा, सगळ्यात जास्त कधी घाबरलात?" म्हणून लिहितोय...

मी तेव्हा लालबागच्या गिरणीत फिटर. गिरणी बंद, हात रिकामे... म्हणून ओळखीच्या नाखव्याचं, म्हणजे या बोटीच्या मालकाचं, काम घेतलं. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट काढायचा आणि तो ज्यात फिरतो तो झिजलेला बुश बदलायचा.

शाफ्ट काढला की बोटीच्या मागे मूठ जाईल एवढं भोक उरतं. ओहोटीला काही वाटत नाही, भरतीला मात्र बोट भरते. नवं इंजिन, आणि दोन भावांचे संसार त्या एका बोटीवर.

नाखवा मोर्चाला जाताना बजावून गेला, "तीन वाजलं का पानी चढंल. त्याच्या आत भोक बंद कर." मी म्हटलं, "तीनचा भोंगा ऐकू येतो की इथे!" माझ्याकडे घड्याळ कुठलं... त्यानेही मान डोलावली.

बुश घट्ट होत होता. कानशीने घासायचा, बसवून बघायचा, पुन्हा घासायचा... भोकातून ऊन आत येत होतं, त्यावरच काम चाललं होतं.

मग ऊन गेलं. ढग आला असेल म्हणून भोकाकडे बघतोय, तर खारं पाणी थेट तोंडावर...

भोंगा झालाच नव्हता. होणार कसा? गिरण्या बंद होत्या, म्हणूनच तर मी इथे होतो! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मला पोहता येत नाही. दोन्ही तळवे भोकावर दाबले, तरी पाणी बोटांमधून येत होतं. हात काढले तर बोट जाणार, नाही काढले तर मी...

शेवटी "वहिनी!" म्हणून किंचाळलो. नाखव्याची बायको मासे सुकवत होती, धावत आली. "हात काडू नको रं!" एवढंच म्हणाली आणि घराकडे पळाली.

आली ती मुसळ घेऊन. त्याला जुनं लुगडं गुंडाळलं, माझ्या डब्यातलं ग्रीस थापलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. "आता काड!"... आणि बाहेरून दगडाने मुसळ भोकात ठोकलं. पाणी थांबलं तेव्हा इंजिन पाण्याच्या जेमतेम चार बोटं वर होतं.

संध्याकाळी नाखवा सुखरूप परतला. बोटीच्या मागे अडकलेलं मुसळ बघतच राहिला. मी चाचरत म्हटलं, "भोंगा झाला नाही हो..." तो डोक्याला हात लावून वाळूवर बसला. "व्हनार कसा? आमीच बंद केला नं रं."

गिरण्या गेल्या, भोंगे गेले, वहिनीही गेल्या. आता मनगटावर घड्याळ आहे... तरी दुपारी तीन वाजले की मी आधी पायाखाली बघतो. कोरडं असतं. मग वहिनींना मनातल्या मनात हात जोडतो.