फुंकणी

तुमच्या विहिरीवरच्या मोटरीत कुणाचा श्वास गेला आहे, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मोटर आणायला मी कळमनुरी रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. तिथे एक मावशी भट्टीतून निघालेले मोटरीचे लोखंडी गाभे चिमट्याने धरून हिरव्या भुकटीत बुडवत होत्या. तापलेल्या लोखंडावर भुकटी वितळून तिचा थर बसतो, म्हणून नंतर खाचांत गुंडाळायची तांब्याची तार लोखंडाला लागत नाही. पण गाभ्याच्या खाचांत जादा भुकटी अडकते. ती उडवायचं हवेचं यंत्र बंद पडलेलं. मावशी घरून आणलेल्या पितळी फुंकणीने एकेक खाच फुंकत होत्या आणि भुकटी त्यांच्याच तोंडावर येत होती. पापण्यासुद्धा हिरव्या झाल्या होत्या.

"मावशी, काहून फुंकून राहिल्या?"

त्या आधी खोकल्या, मग हसल्या. "घरी गॅस आला, चूल गेली बाबा. फुंकणी मातर सुटली न्हाई."

मी मालकाला यंत्राचं विचारलं. तो म्हणाला, "आजवर कुण्या गिऱ्हाइकानं विचारलं न्हाई."

आता तुम्ही विचारा. मोटर घेण्याआधी आत जाऊन यंत्र बघा, आणि ते सुरू होईपर्यंत मोटर उचलू नका.