वांग्यांचा गेम

आमच्या शहरातल्या द्वारका चौकात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर गेमिंग कॅफे. तिथे येणाऱ्यांत वयाने सगळ्यात मोठी मी. नोकरी एका दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवर. आठवडाभर माणसं माझ्यावर ओरडतात. नंबर कधी लागणार, डॉक्टर कुठे गेले, आमच्या मागून आलेला आत कसा गेला. शनिवारी दुपारी सुटले की मी तो जिना चढते, कोपऱ्यातल्या मशीनवर बसते आणि शेती करते.

गेम साधा आहे. एका लहानशा गावात तुम्हाला पडीक जमीन मिळते. ती नांगरायची, पेरायची, पाणी घालायचं. पीक आलं की शेजारच्या म्हातारीला नेऊन द्यायचं. कंटाळा आला तर नदीवर गळ टाकून बसायचं. शत्रू नाही, बंदूक नाही, हरणं-जिंकणं नाही. माझ्या शेतात वांगी जास्त, म्हणून कॅफेतल्या पोरांनी नाव पाडलं, वांग्यांचा गेम. मी ते नाव आनंदाने घेतलं.

मागच्या वर्षी माझी थोरली जाऊ चांदवडहून दातांच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आली. त्यांच्या घरी कांद्याची शेती. शनिवारी मी त्यांना सोबत नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. थोडा वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या.

"गारा पडत्या का इथं?"

"नाही."

"अन् भाव?"

"ठरलेला असतो. पडत नाही."

"लय भारी गाव हाय मग," त्या म्हणाल्या आणि माउस हातात घेतला. नंतर चहा आला, गार झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

त्याच दिवशी कॅफेच्या मालकाने सगळ्यांना गोळा केलं. नवा गोळीबाराचा गेम टाकायचा होता आणि मशीनवर जागा उरली नव्हती. कुठले गेम काढायचे ते हात वर करून ठरवा, म्हणाला. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा लगेच बोलला. कॅफेतला सगळ्यात तरबेज खेळाडू तोच; पुण्याला स्पर्धांना जाऊन आलेला.

"काकू, पर्सनली घेऊ नका. पण तुमचा तो गेमच नाहीये. त्यात कौशल्य काय? चूक केली तरी काही होत नाही. असले गेम खपतात म्हणून कंपन्या अवघड गेम बनवायचं सोडून देतात. तुमच्यासारख्यांमुळे गेमिंगचं नुकसान होतं."

दवाखान्याच्या खिडकीवर मी पुष्कळ ऐकून घेते. तिथे पगार मिळतो. इथे ऐकून घ्यायचं काही कारण नव्हतं.

"मिसळीच्या हॉटेलात कोणी दही मागितलं, तर तुझी तर्री फिकी होते का रे?" मी विचारलं. "पाच मिनिटं खेळू देऊन मग पैसे मागणारे, पोरांना नादी लावणारे गेम आहेत. त्यांना शिव्या घाल, मीही घालेन. पण ती लबाडी आहे, तिचा सोपेपणाशी काय संबंध? मला अवघड नकोच आहे. अवघड मी आठवडाभर करते."

मागून एक जण जाऊबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही तर खरी शेती करता. मग ही खोटी कशाला?"

त्यांनी पडद्यावरून नजरसुद्धा काढली नाही. "तू खरी मारामारी करतो का?"

"नाही."

"मंग खोटी कशाला करतो?"

सगळे हसले, तो इंजिनिअरिंगवालाही हसला. मग हात वर झाले आणि माझा गेम निघाला. हसवल्याने मतं मिळत नाहीत.

मी एक जुना लॅपटॉप घेतला. पुढच्या शनिवारी तो घेऊन पुन्हा जिना चढले आणि त्याच कोपऱ्यात बसले. मालक अवघडला. "ताई, आता हे घरीच खेळा की."

"घरी खेळले तर मी यांना दिसणार नाही," मी म्हणाले. "टेबलाचे पैसे देते ना? मग झालं."

माझ्याबरोबर आता दवाखान्यातल्या दोन नर्स येतात. एकीला त्यात घर सजवायला आवडतं, दुसरी नुसती मासे धरते. तो इंजिनिअरिंगवाला एकदा माझ्या शेजारी येऊन बसला. मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्याने मुळा पेरला, पाणी घातलं आणि थोड्या वेळाने मान वर केली.

"काकू, खरंच बोअर आहे हो."

"असू दे. तुला नाही आवडला, एवढंच."

काही महिन्यांनी पुन्हा जागा कमी पडली. या वेळी नाव निघालं त्याच्याच आवडत्या गेमचं. पावलोपावली मरायला लावणारा, इतका अवघड की त्याच्याशिवाय एक-दोघंच खेळायचे. बाकीची पोरं म्हणाली, कशाला अडवून ठेवायची जागा? तो उभा राहून बोलत होता, पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं. ठेवावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मालक म्हणाल्यावर मी हात वर केला. दोन्ही नर्सनीही केला.

त्याने वळून पाहिलं. "तुम्ही तर हा खेळतही नाही."

"नाही खेळत. मला तो भयंकर वाटतो. म्हणून तुझा काढायचा?"

आमची तीन मतं पुरली आणि त्याचा गेम राहिला. माझा मशीनवर परत आला नाही. त्याने तसा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. माझा गेम हा गेमच नाही, असं तो अजूनही सगळ्यांना सांगतो. मी शेजारच्या टेबलावरून ऐकते, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नर्सला सांगते की भोपळे पिकलेत, चल, काढून घेऊ.