बाबांचा एकशे दहाचा रिपोर्ट

नव्वदच्या दशकात टेंभी नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये मी कॉम्प्युटरवर रक्ताचे रिपोर्ट टाइप करायचे. नवा आकडा भरला की शेजारी त्या पेशंटचे जुने आकडे दिसायचे. फार तफावत असली तर कॉम्प्युटर अडून बसायचा आणि तपासणी पुन्हा करावी लागायची.

एकदा माझ्याच बाबांची उपाशीपोटीची साखर दोनशे चाळीस आली. घरी तर ते आईला दर वेळी एकशे दहाचा रिपोर्ट दाखवायचे. बाटल्यांची अदलाबदल केलीत म्हणून मी टेक्निशियनवर खेकसले. पण कॉम्प्युटरने मुकाट्याने आकडा घेतला. शेजारी पाहिलं, तर मी नोकरीला लागण्याआधीचे चारही आकडे असेच दोनशेच्या वर होते.

संध्याकाळी घरी जाऊन मी तणतणले, "बाबा, आईला कुठला रिपोर्ट दाखवता तुम्ही?"

बाबांनी कपाटातून एक जुना कागद काढला. आकडा एकशे दहा, तारीख नेमकी घडीत झिजून गेलेली.

"डॉक्टरांना खराच दाखवतो गं. पण तुझी आई आकडा ऐकला की जेवत नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा आता पिवळा पडलाय. तुमच्या कॉम्प्युटरवर नवा काढून दे ना."