घड्याळजींचे चष्मे

जिन्याखालच्या टपरीत घड्याळजी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. मोबाइल आले तसं गिऱ्हाईक आटलं आणि ते दिवसदिवस माश्या मारत बसू लागले. एकदा त्यांच्या वहिनी चष्म्याची निखळलेली दांडी घेऊन आल्या. "भावजी, दुकानात गेलं की नवी फ्रेमच गळ्यात मारतात." घड्याळजींनी घड्याळातला बारीक स्क्रू बसवून दोन मिनिटांत दांडी जोडली. वहिनींनी बळेच पैसे दिले आणि पुठ्ठ्यावर लिहून टपरीला लावलं, 'चष्मे दुरुस्त करून मिळतील.' घड्याळजींना ते जरा कमीपणाचं वाटलं, पण महिन्याभरात टपरीपुढे रांग लागली. आता त्यांचं घर चष्म्यांवर चालतं. कोणी घड्याळ आणलं, तर मात्र ते चष्मेवाल्यांना थांबायला सांगतात.