फाट्यावरचा वळखीचा डॉक्टर

ती दुपार मी अजून इसरले न्हाई. आबा, म्हंजी माझे सासरे, पोलिसातनं फौजदार म्हणून रिटायर झाले, आन् आता नोकरीतल्या केसी लिवून काढत्यात. पर ह्या केसला ते म्हणले, "सूनबाई, हा तपास तू केलास, तूच सांग." मी आठवीपस्तोर शिकल्याली. म्हणून बोलते तशीच सांगते, नाव कुणाचं घेत न्हाई.

माझी लेक तवा वर्साची बी न्हवती. आधी खोकला, मग ताप, आन् त्या दुपारी दूधच वढंना. झबलं वर करून बघितलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय. रडत बी न्हवती, नुस्ती कण्हत व्हती. आमचे हे रांजणगावला कामावर, त्येंचा फोन लॉकरात. कंपनीनं आमचा समद्यांचा विमा काढल्याला, त्येचं कार्ड माझ्या मोबाईलमधी व्हतं. पर ते वापरायचं कसं, घरात कुणालाच ठावं न्हवतं.

"कार्डबिर्ड राहू दे," आबा म्हणले. "फाट्यावर आपला डॉक्टर आहे. माझ्या शब्दावर उभ्या उभ्या बेड देतो."

आमच्या बोरी गावात दुखणं आलं की असंच असतं. हॉस्पिटल कसलं हाय हे मागनं, तिथं आपलं कोण हाय हे आधी.

बेड मिळाला, खरंच उभ्या उभ्या मिळाला. सिस्टरनं लेकीच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. आबांना चहा आला. डॉक्टर आन् आबा जुन्या बंदोबस्ताच्या गोष्टी बोलाया लागले, आन् हिकडं माझ्या लेकीचं पोट भात्यावानी वरखाली, वरखाली. मी बसू का उभी राहू, मला कळंना. दारात जायची, परत यायची.

शेजारच्या खाटंवर पिंपरी पेंढारचं एक म्हातारं सलाईन लावून पडल्यालं. त्येची बायको मघापासनं माझ्याकडंच बघत व्हती. तिनं मला हळूच जवळ बलावलं.

"पोरी, माझ्या नातवाचं असंच झालं व्हतं. त्येला मंचरला हलवावं लागलं. लहान लेकरांचं मशीन न्हाई म्हणं हितं."

मी आबांना सांगितलं. आबा उठून तिच्यासमोर जाऊन उभे. "तुम्ही कुठल्या? हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधी सांगितलं?"

"अवो पावणं, मी काय कोंबडी चोरली का? जबाब कसला घेताय? डाक्टर तिथं बसलाय, त्येलाच इचारा की!"

मी बी म्हणलं, "आबा, इचारा ना."

आबा माझ्या कानाशी आले. "असं तोंडावर विचारत नाहीत गं. त्याला वाटेल, आपला भरवसा नाही."

आता बघा, जल्मभर चोर-दरोडेखोर बोलते केल्याला माणूस, आन् त्येला वळखीच्या डॉक्टरला येक सवाल टाकता येईना. मला बी लई भ्या वाटत व्हतं. आपण अडाणी, डॉक्टर चिडला आन् लेकीकडं बघंनासाच झाला तर? पर तेवढ्यात लेकीचे व्हट निळसर दिसले. मग माझे पायच चालले.

"डॉक्टर, हिला जास्ती झालं तर लागतं ते मशीन हितं हाय का न्हाई?"

डॉक्टरनं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नाही, ताई. ऑक्सिजन आहे. तो पुरला नाही तर पुढची सोय माझ्याकडं नाही. मुलांचे डॉक्टरही संध्याकाळी येतात. खरं तर हलवायला पाहिजे. पण आबा एवढ्या विश्वासानं आले, त्यांना लगेच जा कसं म्हणू?"

आबांनी कपाळाला हात लावला. "अरे, मी तुझ्या भिडेपायी गप्प आणि तू माझ्या!"

त्या खोलीतली केस तिथंच फुटली. मी कार्डावरचा नंबर लावला. पलीकडची बाई हिंदीत सुरू झाली. मी म्हणलं, "मराठीत बोला वो, माझं लेकरू जातंय." मग मराठी बोलणारी आली. तिनं जवळचं हॉस्पिटल सांगितलं. मी निघालेच व्हते, पर आता मला सवयच लागली व्हती. म्हणलं, "तिथं लहान लेकरांचं आयसीयू हाय का?"

तिनं यादी बघितली. म्हणली, "नाही ताई, ते डोळ्यांचं हॉस्पिटल आहे."

डोळ्यांचं! आबा फोनवर खेकसणार व्हते, मी हातानंच त्येंना थांबवलं. तिनं परत बघितलं आन् मंचरचं येक सांगितलं. वर म्हणली, "ते आमच्या यादीत आहे, पण बेड मोकळा आहे का ते आधी तिथं विचारा. पोचल्यावर बाळाला दाखल करा. विम्याच्या खिडकीला कार्ड आणि आधार दाखवा, पुढचं तिथले लोक आम्हाला कळवतील."

फाट्यावरच्या डॉक्टरनं सोताच मंचरला फोन लावला, बेड धरून ठिवला, चिठ्ठी दिली, आपल्या अॅम्बुलन्समधी ऑक्सिजनसकट बसवलं. मंचर येईपस्तोर मी लेकीच्या छातीवरचा हात काढला न्हाई. आबा पुढं बसून ड्रायव्हरला म्हणत व्हते, "सायरन लाव बाबा, सायरन."

मंचरला लेकीला मशीनवर घेतलं. विम्याच्या खिडकीवर आबा उभे, मी आयसीयूच्या काचंबाहेर. तिथला डॉक्टर म्हणला, न्यूमोनिया हाय, वेळेत आणली. पुढं किती येळा रात उजाडली, मी मोजलं न्हाई. येका सकाळी आतनं रडायचा आवाज आला, चांगला दणदणीत, समदा वार्ड उठंल असा. सिस्टर म्हणली, "घ्या, तुमची भवानी जागी झाली." मी भिताडाला टेकून खाली बसले. रडायला लागतो तेवढा श्वास तिला परत आला व्हता.

आता गल्लीतल्या बाया मला इचारत्यात. मी सांगते, कार्ड चालतं का एवढंच नका इचारू. आपल्याला पायजे ती सोय तिथं हाय का, डॉक्टर आत्ता हाय का, बेड हाय का, हे बी इचारा. आन् सगळं बरं असतानाच कार्डावरचा फोन येकदा लावून बघा. फाट्यावरच्या डॉक्टरकडं आमी अजून जातो. इचारलं म्हणून वळख तुटली न्हाई.

आबा म्हणत्यात, तपासात भीती सगळ्यांनाच वाटते. मी तर अजून भिते. लेक शिंकली तरी भिते. पर भीत भीत का व्हईना, इचारते.