ठोकळेवाल्या बाई

ठोकळेवाल्या बाई तपासताना कोणत्याही मुलाला शाब्बास म्हणत नसत. उत्तर बरोबर येवो की चुको, चेहरा कोरा ठेवून त्या फक्त "पुढचं" म्हणत. पिंपरीच्या दवाखान्यात फिट येणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती आणि समज तपासायचं काम त्यांचं. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे असत, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं होतं.

आम्ही लातूरकडून कुरुळीला राहायला आलो होतो. माझ्या मुलीचे, मयुरीचे, पप्पा चाकणच्या कंपनीत लागले होते. गोळ्यांनी मयुरीच्या फिट थांबल्या, पण चौथीत ती मागे पडली. सकाळी पाठ केलेली कविता दुपारी आठवेना. शाळेने तिला आळशी ठरवलं. पप्पा म्हणायला लागले, "शिकायचंच नसेल तर गावाकडं नेऊन सोडतो."

बाईंना दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेतल्या प्रत्येक आईला अभ्यासाचं विचारायची सवय होती. मी म्हटलं, "फिट नाही आता, बाकी काही नाही." त्या म्हणाल्या, "फिट दिसते हो, विसरणं दिसत नाही. तिला आत आणा."

आत त्या आकडे सांगत आणि मयुरीने ते उलटे म्हणायचे. ती अडली की माझेच ओठ हलत. "आई, तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा बरं," बाई म्हणाल्या. संपल्यावर त्या आधी मयुरीशी बोलल्या. "चित्रांवरून गोष्ट छान जुळवलीस. ऐकलेलं मात्र तुझ्याकडे टिकत नाही. त्यात तुझी चूक नाही." मयुरी रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं.

निकाल त्या एकट्या आईला सांगत नसत. "घरी गेल्यावर आईलाच बोलणी बसतात," म्हणत. म्हणून पप्पांना रजा घ्यावी लागली. बाईंनी त्यांना विचारलं, "रात्रपाळी करून आल्यावर कुणी काही सांगितलं, तर लक्षात राहतं?"

"न्हाई राहत."

"तिचा सगळा दिवस तसा जातो. आजारामुळे असेल, गोळीमुळेही असेल. डॉक्टर बघतील. तुम्ही गोळी बंद करायची नाही."

पप्पा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हंजे ती मुद्दाम करत नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी हळूहळू गोळी बदलली. बाईंनी शाळेशी बोलून तिला पहिल्या बाकावर बसवलं, पेपरला जादा वेळ मिळवून दिला. पुढच्या वर्षी त्यांच्या दवाखान्यातल्या नेमणुकीची मुदत संपली. निरोप घेताना मी विचारलं, "पूर्ण बरी होईल ना?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दरवर्षी तपासून घ्या. बदलत जाईल."

मयुरी आता नववीत आहे. पाढे अजून निसटतात, चित्रं मात्र सुरेख काढते. मागच्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये शेजारचे भाऊ सांगत होते, फिटच्या गोळ्या घेऊन माझी पोरगी आळशी झालीय. मयुरीचे पप्पा म्हणाले, "आळशी म्हणू नका, भाऊ. आधी तपासून घ्या." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते स्वतः त्या बापलेकीला दवाखान्यात घेऊन गेले.